बंदूक, दोर आणि कॅमेरा : वेंगुर्ला रॉक्सच्या समुद्रपक्ष्यांचा इतिहास

#थ्रेड

१. जव्हार-मोखाड्याच्या पठारावरून समुद्र दिसत नाही. त्यामुळे आम्हा डोंगरातल्या माणसांच्या इतिहासात समुद्रपक्षी सहसा येत नाहीत. तरीही आजचा धागा त्यांच्यावर आहे. एखाद्या पक्ष्याची नोंद कोण करतो, कशाने करतो आणि त्या नोंदीतून कोण वगळला जातो, हा प्रश्न किनाऱ्याला जितका लागू आहे तितकाच डोंगरालाही आहे.

२. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर, भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. नकाशावर त्याचे नाव ‘वेंगुर्ला रॉक्स’. जुन्या नाविक नोंदींत ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, असेही नाव आढळते. तेथे वस्ती नाही. आहे ते दीपगृह, काळे कातळ, लाटांनी कोरलेल्या गुहा आणि पक्षी.

३. समुद्रपक्षी आयुष्याचा मोठा भाग पाण्यावर काढू शकतो. अंडे मात्र त्याला जमिनीवरच घालावे लागते. कोल्हा, मांजर, मुंगूस जेथे पोहोचत नाहीत अशी जमीन त्याला हवी असते. म्हणून सुरय पक्ष्यांच्या काही जाती अशा बेटांवर विणीसाठी एकत्र येतात. तेथील गुहांत भारतीय पाकोळी राहते. ती खऱ्या अर्थाने समुद्रपक्षी नव्हे, पण या बेटांचा इतिहास तिच्यावाचून अपुरा आहे.

४. पहिला टप्पा बंदुकीचा. फेब्रुवारी १८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ‘क्लाइड’ या सागरी सर्वेक्षणाच्या जहाजातून लक्षद्वीपच्या मोहिमेवर गेला. सरकारी निमित्त होते दीपगृहांसाठी जागा पाहण्याचे. ह्यूमचे मन होते पक्ष्यांत. ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतःच्या नियतकालिकात १८७६ साली त्याने लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्यावर दीर्घ लेख लिहिला.

५. होय, हाच तो काँग्रेसचा ह्यूम! १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्याच वर्षी ह्यूमचा पक्षिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला. कातडी, अंडी आणि घरटी मिळून सुमारे ८२ हजार नमुने. त्या काळी पक्षी ‘पाहिला’ याचा पुरावा म्हणजे पेंढा भरलेले त्याचे कातडे.

६. मग त्याने छायाचित्रे का घेतली नाहीत? उत्तर तंत्रात आहे. तेव्हा ओल्या काचेची पद्धत प्रचलित होती. काचेवर रसायन ओतायचे, ते वाळण्याच्या आत चित्र टिपायचे आणि लगेच अंधारात धुवायचे. छायाचित्रकाराला काळोखा तंबू बरोबर न्यावा लागे. डोलणाऱ्या होडीतून उडणारा सुरय टिपणे या साधनाने जवळजवळ अशक्यच होते.

७. कोरड्या काचा आल्या आणि चित्र पालटले. १८८२ मध्ये फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता, नळी, चाप सगळे बंदुकीचे. चाप ओढला की सेकंदाला १२ चित्रे. त्याने पक्ष्यांवर नेम धरला, पण एकही पक्षी पडला नाही. ‘शूट’ हा शब्द आपण आजही दोन्ही अर्थांनी वापरतो, ते उगाच नाही.

८. पुढची पायरी इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांची. १८९२ मध्ये त्यांनी अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९६ मध्ये ते स्कॉटलंडपलीकडच्या दुर्गम सेंट किल्डा बेटांवर गेले. तेथील माणसे दोराने कड्यावरून उतरून समुद्रपक्षी आणि अंडी गोळा करीत. त्यावरच त्यांची गुजराण चाले. कीर्टन बंधूंनी पक्षी टिपले, तसेच दोरावरची माणसेही टिपली.

९. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते : आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन. संस्थेचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले. याच नियतकालिकात पुढे १९४० आणि १९४२ साली हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ला रॉक्सच्या सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिले. ह्यूमनंतर साठाहून अधिक वर्षांनी हे खडक पुन्हा बारकाईने वाचले गेले.

१०. आता पाकोळीकडे येऊ. तिचे घरटे लाळेचे. भारतीय जातीत त्यात शेवाळ आणि पिसेही मिसळलेली असतात. चिनी खाद्यबाजारात अशा घरट्यांना मोल आहे. काळोख्या गुहेत ती टकटक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. तिचे चित्र घ्यायचे तर कृत्रिम प्रकाश हवा. मॅग्नेशियमच्या भुकटीचा धूरकट भडका मागे पडून १९३० च्या सुमारास बंद काचेतले फ्लॅशबल्ब आले. तेव्हा कुठे असे काम सुकर झाले.

११. घरट्यांची लूट मात्र कायद्यानंतरही थांबली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, येथील पाकोळ्यांचा अभ्यास केला आणि घरट्यांची तस्करी उजेडात आणली. अशा प्रकरणात गुहेच्या भिंतीचे तारखेनिशी घेतलेले छायाचित्र शोभेची वस्तू राहत नाही. ते साक्ष ठरते.

१२. म्हणून बंदूक वाईट आणि कॅमेरा चांगला, असा सरळ निवाडा करावा का? इतिहास तसे करू देत नाही. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधील संग्रहांतली जुनी अंडी तपासली. ससाण्यांच्या अंड्यांची कवचे दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ झाल्याचे दिसले. त्यामागे डीडीटीसारखी कीटकनाशके असल्याचे पुढे सिद्ध झाले. ज्यांनी अंडी पळवली, त्यांच्याच कपाटांतून उरलेल्या पक्ष्यांच्या बचावाचा पुरावा निघाला.

१३. उलट कॅमेराही निरुपद्रवी नाही. उघड्या कातळावर घातलेल्या अंड्याला उन्हापासून वाचवते ती पालक पक्ष्याची सावली. जवळून चित्र घेण्यासाठी कोणी बेटावर उतरला की सगळा थवा एकदम उडतो. तेवढ्या वेळात अंडी तापतात, पिल्ले भरकटतात, शिकारी पक्ष्यांचे फावते. ड्रोननेही हेच होऊ शकते. चित्रात आकाश भरून उडणारे पक्षी दिसले, तर आधी विचारावे : ते उडाले कशाने?

१४. शेवटचा मुद्दा माणसांचा. कातळावर होडी लावायची कुठे, पाणी कधी फिरते, कोणत्या गुहेत पाकोळी आहे, हे किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी माणसाला ठाऊक होते. शास्त्रीय लेखांत पक्ष्याचे लॅटिन नाव आले, साहेबाचे आले. होडी हाकणाऱ्याचे क्वचितच आले. आमच्या डोंगरातही रानातली पाखरे ज्यांना आवाजावरून ओळखू येतात, त्यांची नावे पुस्तकांत अभावानेच सापडतात.

१५. तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, पक्ष्याचे जुने छायाचित्र हाती आले तर त्याला चार प्रश्न विचारा. कधी घेतले? कुठून घेतले? त्यासाठी पक्ष्याला काय सोसावे लागले? आणि छायाचित्रकाराला तिथवर कोणी नेले? पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा चित्राखाली छापलेली असतात. उरलेली दोन शोधावी लागतात. आपले काम तेथूनच सुरू होते.

(समाप्त)