गिधाडं कुठं गेली? एका अनुपस्थितीचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानमालेत गिधाडांचं काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. माणसांनी ठरवून केलेल्या गोष्टींची नोंद म्हणजे इतिहास, असं आपण धरून चालतो. राजे, लढाया, तह, चळवळी. पण माणसांनी नकळत केलेल्या गोष्टी हाही इतिहासच असतो, आणि कधी कधी त्यांचे परिणाम लढायांपेक्षा मोठे असतात. आज आपण अशीच एक गोष्ट पाहणार आहोत. तीत खलनायक कुणी नाही. आणि तरीही तीत लाखो पक्षी मेले आणि त्यांच्यामागून माणसंही मेली.

आपल्यात जे साठीच्या पुढचे आहेत त्यांनी जरा लहानपण आठवावं. गावात बैल किंवा म्हैस मेली की ती ओढून गावाबाहेर नेली जायची. कातडं काढून झालं, की वर आभाळात एक ठिपका दिसायचा, मग दोन, मग वीस-पंचवीस. पंख पसरून, मान आत ओढून ती खाली उतरायची. आम्ही पोरं लांब उभं राहून बघायचो, आणि घरून ओरडा बसायचा, की तिकडं कशाला गेलात. तासाभरात तिथं फक्त हाडं उरायची. वास नाही, माश्या नाहीत. हा देखावा शेवटचा कधी पाहिला ते आता आठवून बघा. आम्ही बऱ्याच जणांना हे विचारलं आहे. नेमकं साल कुणालाच सांगता येत नाही. ती गेली हे सगळ्यांना ठाऊक, कधी गेली हे कुणालाच नाही.

इथं आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, थोडं वळावं लागेल. आपल्याकडे मीमांसकांनी एक फार सूक्ष्म प्रश्न विचारला: जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळतं कसं? जे नाही ते डोळ्यांना दिसणार कसं? कुमारिल भट्टांच्या परंपरेनं उत्तर दिलं, की अभावाचं ज्ञान होण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानावं लागतं. नैयायिकांना ते मान्य नव्हतं, तो वाद बाजूला ठेवू. पण त्या चर्चेतली एक अट आपल्या कामाची आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावावा लागतो.

गिधाडांच्या बाबतीत हा दिवा म्हणजे मोजणी. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हे बहुधा जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत सर्वाधिक संख्येनं आढळणारं मानलं जात होतं. इतक्या साध्या पक्ष्याची मोजदाद कोण करणार? कावळे कोण मोजतो? पण थोड्या लोकांनी ती केली होती. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करत होत्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९९६-९७ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा १५० उरल्या होत्या. झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडं होती, फांद्यांत अडकलेले मृत पक्षी होते. १९९९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर रस्त्यांच्या कडेनं शिकारी पक्ष्यांची पाहणी झाली होती. तेच रस्ते पुन्हा पुन्हा तपासले गेले, आणि १९९२ ते २००७ या काळाचा हिशेब समोर आला. पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली होती. हजारातलं एक उरलं. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के घटली होती. पहिली मोजणी झाली नसती, तर आज आपण फक्त 'पूर्वी फार असायची हो' एवढंच म्हणत बसलो असतो.

कारण शोधायला वेळ लागला. आधी कीटकनाशकांवर संशय आला, मग एखाद्या विषाणूवर. उत्तर मिळालं पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदनं केली. मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा चुन्यासारखा थर बसला होता. विषाणू, जड धातू, कीटकनाशकं, कशातच काही हाती लागेना. तेव्हा त्यांनी एक साधा विचार केला. ही गिधाडं खातात काय? पाळीव जनावरं. मग त्या जनावरांना माणसं काय देतात? जनावरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्याकडे चौकशी झाली आणि एका वेदनाशामकाचं नाव पुढं आलं: डायक्लोफिनॅक. असा थर आढळलेल्या २५ गिधाडांपैकी २५ च्या मूत्रपिंडांत ते सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ साली हे संशोधन 'नेचर'मध्ये आलं.

डायक्लोफिनॅक म्हणजे तेच, जे आपण गुडघे दुखले की घेतो. १९९० च्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. बैलाचा पाय सुजला, गायीला ताप आला, की एक इंजेक्शन. जनावर दुसऱ्या दिवशी उभं राहायचं. काही मात्र वाचत नसत, आणि मरणाआधी एक-दोन दिवसांत औषध दिलेलं असलं, तर ते मांसात राहायचं. एका जनावरावर पन्नास-साठ गिधाडं जेवतात. त्यामुळं गणित असं निघालं, की शंभर मृत जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर विषारी असलं, तरी हा सगळा ऱ्हास घडायला पुरेसं होतं. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लाला वयात यायला पाचेक वर्षं लागतात. गेलेलं भरून यायचं कसं?

आता नीतिशास्त्राच्या अंगानं पाहा. शेतकऱ्यानं इंजेक्शन का दिलं? दुखणाऱ्या मुक्या जनावराची कणव आली म्हणून, आणि बैल उभा राहिला नाही तर पेरणी राहील म्हणून. दोन्ही हेतू निर्मळ. डॉक्टरचा हेतू निर्मळ. औषध बनवणाऱ्यानंही गिधाडांचं वाईट चिंतलं नव्हतं. आपली नैतिक भाषा हेतूवर उभी आहे, कोण वाईट वागलं हे ती विचारते. इथं त्या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणून आपल्याला दुसरा प्रश्न शिकावा लागतो: माझ्या भल्या कृत्याचा हिशेब माझ्या नजरेपलीकडे कोण चुकवतं आहे?

तो कुणी चुकवला ते पाहू. गिधाडं गेली, तरी जनावरं मरायची थांबली नाहीत. उघड्यावरचं मांस भटक्या कुत्र्यांना मिळालं. २००८ च्या एका अभ्यासानुसार या काळात कुत्र्यांची संख्या निदान ५५ लाखांनी वाढली आणि १९९२ ते २००६ दरम्यान रेबीजनं सुमारे ४८ हजार जास्तीचे मृत्यू झाले असावेत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की बहुतेक रोगजंतू तिथंच संपतात. कुत्र्याच्या बाबतीत तसं नाही. कुजकं पाण्यात जातं ते वेगळंच. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी जिथं पूर्वी गिधाडं होती आणि जिथं नव्हती अशा जिल्ह्यांतल्या मृत्यूदरांची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज असा, की २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं यामुळं जास्तीची मेली. अंदाज आहे, कमी-जास्त धरू. पण आकडा ऐकून आपण क्षणभर गप्प व्हावं असाच आहे.

मुंबईत वेगळाच प्रश्न उभा राहिला. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज शतकानुशतकं आपले मृत देह दोखम्यात ठेवत आला. अग्नी, पाणी आणि माती अपवित्र करायची नाही, देह पक्ष्यांच्या स्वाधीन करायचा, ही त्यामागची श्रद्धा. पक्षीच राहिले नाहीत, तेव्हा उन्हाची उष्णता देहावर एकवटणारे आरसे बसवावे लागले. एका औषधाच्या बाटलीनं एका धर्माचा अंत्यविधी बदलला. असा दुवा कुठल्या इतिहासकारानं आधी कल्पिला असता?

पण मग हे सगळं घडत असताना आपलं लक्ष का गेलं नाही? आम्हाला वाटतं, याचं उत्तर पक्षीशास्त्रात नाही, आपल्या समाजात आहे. आपण गिधाडाला अशुभ ठरवलं. घरावर बसलं तर शांत करायची. माणसाच्या हावेला नाव द्यायचं तर 'गिधाडासारखे तुटून पडले' म्हणायचं. तेंडुलकरांना हावरट कुटुंबावरच्या नाटकाला 'गिधाडे' हेच नाव सुचावं, यात त्यांची चूक नाही, भाषेनं तो अर्थ तयार ठेवलाच होता. खरं तर गिधाड सहसा जिवंताला हात लावत नाही. दुसरीकडे आपल्याच परंपरेत जटायू आहे, नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदला लोक त्याच्या नावानं तीर्थाला जातात. तीर्थ करायचं, आणि पक्षी दिसला की विटाळ मानायचा.

हीच वागणूक आपण माणसांशी केली. मेलेली ढोरं ओढायचं काम ज्यांच्यावर लादलं, त्यांनाच त्या कामासाठी अस्पृश्य ठरवलं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं, आणि ढोरं ओढायला नकार देण्याची चळवळ गावोगाव पसरली. ते पूर्णतः न्याय्य होतं. त्याचा गिधाडांच्या ऱ्हासाशी संबंध नाही, हे स्पष्ट सांगू. त्यानंतरही साठ-सत्तर वर्षं गिधाडं भरपूर होती. साम्य आहे ते आपल्या नजरेत. घाण कोण काढतं तिकडं बघायचंच नाही, ही सवय. ज्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, तो नाहीसा झालेला दिसणार कसा? मघाशी आपण म्हटलं, की अभाव कळायला दिवा लागतो. हा दिवा आपणच विझवून ठेवला होता.

आता उपायांकडे येऊ, कारण ही गोष्ट निव्वळ शोकांतिका नाही. कारण नेमकं कळल्यावर सरकारं बऱ्यापैकी लवकर हलली. २००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणायला सुरुवात केली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे तितकंच उपयोगी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं. हे फार महत्त्वाचं. शेतकऱ्याला 'बैलाला दुखू दे' असं सांगणारं संवर्धन कधी टिकलं नसतं. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायला लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्या बंद करून एका मात्रेपुरतीच कुपी ठेवली गेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली.

हरियाणात पिंजोरला २००४ पासून गिधाडांचं प्रजनन केंद्र चालतं. तिथली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावला महाडची 'सिस्केप' ही संस्था आणि गावकरी मिळून गिधाडांची घरटी सांभाळतात, मृत जनावरं त्यांच्यापर्यंत पोचवतात. नाशिकच्या हरसूल भागात खोरीपाड्याला आणि गडचिरोलीतही असंच ठरलेल्या जागी खाद्य ठेवलं जातं. त्याला लोक कौतुकानं 'गिधाडांचं हॉटेल' म्हणतात. ज्या पक्ष्याला हुसकावलं, त्याला आता आपण जेवायला बोलावतो आहोत.

याचं फळ? ऱ्हास पुष्कळसा थांबला, भरपाई झालेली नाही. २०१५ च्या पाहणीवरून देशात पांढऱ्या पाठीची गिधाडं सुमारे ६ हजार, लांब चोचीची १२ हजार आणि निमुळत्या चोचीची हजारच्या आसपास असावीत असा अंदाज आला. एके काळी ही संख्या लाखांत होती. पंधरा वर्षांत उडवलेली ठेव भरायला कदाचित शंभर वर्षं लागतील, आणि तीही बंदी गोठ्यापर्यंत पोचली तर.

तेव्हा इथून जाताना आपण दोन साधी कामं घेऊन जाऊ या. गावी गोठा असेल, तर जनावराला कोणतं इंजेक्शन दिलं जातंय ते विचारू. आणि ज्याची मोजणी कुणी करत नाही, असं आपल्या आसपास काय आहे ते पाहू. चिमण्या असतील, माळावरचे पक्षी असतील, ओढ्यातले मासे असतील. आज वहीत आकडा लिहून ठेवला, तर तीस वर्षांनी कुणाला तरी निदान प्रश्न तरी विचारता येईल. भरतपूरचा ३५३ हा आकडा कुणीतरी असाच, काही विशेष घडत नसताना, लिहून ठेवला होता.

 आता प्रश्न घेऊ.