ग्लीझे २२९ बी
शशक तारकासमूहातील ग्लीझे २२९ या तांबड्या बटू ताऱ्याचा अत्यंत अंधुक सहचर. सूर्यापासून अंतर सु. १९ प्रकाशवर्षे. ज्याच्या वर्णपटात मिथेन आढळला असा हा पहिला तपकिरी बटू होय.

वायूचा मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावू लागला म्हणजे त्याचे केंद्र तापत जाते. परंतु वस्तुमान गुरूच्या सु. ८० पटींहून कमी असल्यास इलेक्ट्रॉनांचा पुंजयामिकीय दाब आकुंचन थोपवितो. हायड्रोजनाचे संमीलन टिकून राहत नाही आणि तो गोल निवत जातो. असे गोल असले पाहिजेत, हे भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६२-६३ मध्ये दाखविले होते. ‘तपकिरी बटू’ हे नाव जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये दिले. रंगाचे वर्णन म्हणून ते फारसे नेमके नाही.

हा सहचर शोधणाऱ्या गटात श्रीनिवास रामचंद्र कुलकर्णी (जन्म १९५६, कुरुंदवाड, जि. कोल्हापूर) हे प्रमुख होते, नाकाजीमा, ऑपेनहायमर आणि मॅथ्यूज हे त्यांचे काही सहकारी. अवरक्त प्रकाशातही मूळ तारा सहचराच्या सु. दहा हजार पट तेजस्वी असल्याने त्याचा झगमगाट झाकणे आवश्यक होते. त्यासाठी पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दूरदर्शकावर करोनाग्राफ बसविला होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये ताऱ्यापासून सु. ७.७ विकलांवर एक ठिपका दिसला. तो पार्श्वभूमीवरील एखादा दूरस्थ तारा असण्याचा संभव होता, म्हणून गट वर्षभर थांबला. ग्लीझे २२९ आकाशात दरवर्षी सु. ०.७ विकला सरकतो. ठिपकाही त्याच्याबरोबर तेवढाच सरकलेला आढळला. १९९५ मध्ये पाच मीटर दूरदर्शकाने घेतलेल्या वर्णपटात गुरूप्रमाणे मिथेनाचे ठळक पट्टे होते. ताऱ्यांच्या उष्ण वातावरणात मिथेन टिकत नाही; म्हणून हा पुरावा निर्णायक ठरला. दीप्ती सूर्याच्या सु. दीड लाखाव्या हिश्शाइतकी, तर पृष्ठभागाचे तापमान सु. ९५० केल्व्हिन निघाले.

वस्तुमानाचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. दीप्तीवरून काढलेला प्रारंभीचा अंदाज गुरूच्या २० ते ५० पट असा होता. पुढे मूळ ताऱ्याच्या गतीवरील परिणामावरून २०२१ मध्ये ते सु. ७१ पट ठरले. एवढा जड गोल इतका मंद असणे तपकिरी बटूंच्या निवण्याच्या सिद्धांतात बसेना. सिद्धांतच सदोष असावा, अशी शंका येऊ लागली. २०२४ मध्ये चिलीतील मोठ्या दूरदर्शकांच्या वेधांवरून तो एक गोल नसून दोन गोलांची जोडी असल्याचे दिसून आले. त्यांची वस्तुमाने गुरूच्या सु. ३८ व ३४ पट असून ते सु. १२ दिवसांत परस्परांभोवती फिरतात. त्यांच्यातील अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या सु. १६ पट आहे. इतक्या निकट जोड्या कशा निर्माण होतात, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.