संशयास्पद टपाल

संशयास्पद टपाल म्हणजे स्फोटके, विष किंवा घातक जीवाणू असल्याची शंका येईल असे पत्र, पाकीट अथवा पार्सल होय.

पार्श्वभूमी

सप्टेंबर व ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सचे (काळपुळीचे) बीजाणू असलेली पत्रे वृत्तसंस्थांना व दोन सिनेटरांना पाठवण्यात आली. त्यांमुळे ५ जणांचा मृत्यू झाला आणि १७ जण आजारी पडले. मृतांमध्ये वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातील दोन कर्मचारी होते. त्यांनी एकही पत्र उघडले नव्हते. वर्गीकरण यंत्रांच्या दाबामुळे बंद पाकिटांतून बीजाणू हवेत पसरले होते. १५ ऑक्टोबरला सिनेटमध्ये पत्र उघडल्यावर तेथील कर्मचाऱ्यांना लगेच प्रतिजैविके देण्यात आली. ब्रेंटवुड केंद्र मात्र २१ ऑक्टोबरपर्यंत चालू होते. बंद पाकीटही धोकादायक असू शकते, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

लक्षणे

* प्रेषकाचे नाव नसणे किंवा पत्ता व टपालशिक्का यांत विसंगती
* गरजेपेक्षा जास्त तिकिटे किंवा चिकटपट्टी
* तेलकट डाग, विचित्र वास, बाहेर आलेली तार किंवा पूड

हाताळणी

असे टपाल उघडू, हलवू किंवा हुंगू नये. पूड सांडल्यास ती झाडू नये. पाकीट जागीच झाकून पंखे व वातानुकूलन बंद करावे, खोली रिकामी करून दार लावावे आणि हात साबणाने धुवावेत. स्फोटकांची शंका असल्यास वस्तूला मुळीच स्पर्श न करता दूर जावे. भारतात पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवता येते. टपाल हाताळलेल्या सर्वांची यादी ठेवल्यास उपचार वेळेवर देता येतात.