अलाबामांतील गोधडी

अमेरिकेंतील अलाबामा संस्थान म्हटलें कीं कापूस आठवतो, आणि त्या कापसाशीं आपलाहि एक जुना संबंध आहे. १८६१ मध्यें तेथें यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांनीं मुंबईच्या कापसाकडे धांव घेतली. मुंबईंत सोन्याचा पाऊस पडला आणि १८६५ त युद्ध संपतांच आटला. पण अमेरिकेंत तो कापूस वेंचणाऱ्या हातांची हकीगत आपल्या कानीं क्वचितच येते.

अलाबामा नदीनें तीन बाजूंनीं वेढलेलें गीज् बेंड नांवाचें खेडें आहे. तेथील मळा १८४५ त मार्क पेटवे याच्याकडे गेला व त्यानें आपले गुलाम उत्तर कॅरोलायनाहून पायीं चालवीत आणले. गुलामगिरी गेली, धन्याचें आडनांव राहिलें. आजहि तेथें पुष्कळ कुटुंबें पेटवेच. जमीन धन्याची आणि बियाणें उधारीचें. १९३२ त एक उधारी देणारा व्यापारी वारला, तेव्हां त्याच्या घरच्यांनीं येण्यापोटीं कुळांचीं जनावरें, अवजारें, धान्य, सारें उचलून नेलें. १८७५ चे दख्खनचे दंगे ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

अशा घरांत थंडीला आधार गोधडीचा. शेतांत विटलेल्या विजारीचा खिसा उसवला कीं त्याखालचा न विटलेला निळा चौकोन दिसे. तो तसाच गोधडींत येई. १९४२ त मिसूरी पेटवे या विधवेनें नवऱ्याचे कामाचे कपडे जोडून एक गोधडी शिवली. आपल्याकडे आजीच्या लुगड्यांची गोधडी नातवंडांच्या अंगावर येते, तीच ही माया.

त्याच दशकांत सरकारनें कुळांस जमिनी विकत दिल्या. म्हणूनच पुढें मताधिकार मागतांना त्यांस घराबाहेर काढणारा धनी उरला नव्हता. मतदार म्हणून नांव नोंदविण्यास नदीपलीकडे कॅम्डेनला जावें लागे. लोक जाऊं लागले, आणि १९६२ त नदीवरील तर बंद झाली! मग सुमारें ४० मैलांचा वळसा. तरीहि ते गेले. १९६५ त मार्टिन ल्यूथर किंग या खेड्यांत येऊन बोलले. त्याच वर्षीं मताधिकाराचा कायदा झाला. १९६६ त त्या भागांतील स्त्रियांनीं गोधड्या विकण्यासाठीं सहकारी मंडळी काढली.

२००२ मध्यें या गोधड्या न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ त त्यांचीं चित्रें टपालाच्या तिकिटांवर आलीं. नदीवरील तर पुन्हां सुरू झाली तीहि त्याच वर्षीं, ४४ वर्षांनीं.