बेगमीची बिअर

बव्हेरियाचा १५१६ सालचा बिअरचा कायदा जगभर ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून मिरवला जातो. बिअरमध्ये बार्ली, हॉपची फुले आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही, हे त्यातले एक कलम आजही जर्मन बाटल्यांच्या लेबलांवर झळकते. पण ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग यांनी इंगोलश्टाट येथे जाहीर केलेला तो मजकूर मुळातून वाचला, तर त्याची सुरुवात शुद्धतेने होत नाही, भावाने होते. सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या दिवसापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात, एक मास बिअर (हे माप साधारण एका लिटरचे) एका फेनिगपेक्षा महाग विकायची नाही आणि उरलेल्या उन्हाळ्यात दोन फेनिगपेक्षा महाग विकायची नाही. त्याच मापाची उन्हाळ्यातली कमाल किंमत हिवाळ्याच्या दुप्पट. राज्यकर्ता जेव्हा एका वस्तूला वर्षात दोन भाव लावून देतो, तेव्हा ती वस्तू वर्षभर सारख्या कष्टाने मिळत नाही हे त्याने मान्य केलेले असते. ऋतूनुसार बिअर चाखण्याचा जो छंद गेल्या काही दशकांत क्राफ्ट बिअरबरोबर पसरला, त्याची कुळकथा शोधायची तर ती चवीच्या वहीत शोधण्यापेक्षा या दुप्पट भावात शोधावी.

एक कोडे आधी सोडवले पाहिजे. गोव्यातल्या उर्राकाला मोसम असतो हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. काजूची बोंडे पिकतात तेव्हाच ते गाळले जाते, बोंडे संपली की उर्राक संपले. ताडीचेही तसेच, झाडाच्या मर्जीवर. बिअर मात्र धान्याची. बार्ली पोत्यात भरून वर्षभर ठेवता येते, मोड आणून भाजलेले माल्टही टिकते, हॉप वाळवून दाबून ठेवले की पुढच्या सुगीपर्यंत पुरतात. मग या पेयाला मोसम आला कुठून? उत्तर कच्च्या मालात नाही, हवेत आहे. म्युनिकच्या परिसरात रुळलेले यीस्ट पाच ते दहा अंश सेल्सिअसच्या गारव्यात सावकाश काम करणारे, आंबवण झाल्यावर तळाशी बसणारे. गारवा असेपर्यंत ते निर्वेधपणे आपले काम उरकते. उन्हाळा लागला की त्याच हौदात जंगली यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू शिरजोर होतात आणि बिअर नासते. सोळाव्या शतकातल्या ब्रुअरला यातले काहीही ठाऊक नव्हते. १५१६च्या कायद्यातल्या घटकांच्या यादीत यीस्टचा उल्लेखच नाही, आणि पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ यायला अजून ३६० वर्षे होती. पण लोणच्याला बुरशी का येते हे शास्त्र माहीत नसतानाही ओला चमचा बरणीत घालायचा नाही हे जसे घराघरात ठाऊक असते, तसे उन्हाळ्यातली बिअर भरवशाची नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या अनुभवाला १५५३ साली कायद्याचे रूप आले. ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवण्यावरच बंदी घातली आणि ही बंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. कोरड्या दिवसांत भट्ट्यांमुळे आग लागण्याची भीती हेही तिचे एक कारण सांगितले जाते. बंदीमुळे पाच महिन्यांची तहान आधीच भागवून ठेवणे भाग पडले. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी पापड-कुरडया, मसाले, मिरच्या यांची जी बेगमी होते तिचे तर्कशास्त्र इथे जसेच्या तसे दिसते: मार्च आणि एप्रिलच्या आरंभी ब्रुअरीत रात्रंदिवस काम चाले, आणि ती शेवटची बिअर मुद्दाम जास्त माल्ट घालून, जास्त हॉप घालून कडक केली जाई, कारण मद्यार्क आणि हॉप दोन्ही नासण्याला आवर घालतात. मार्चची म्हणून ती मेर्त्सन. तिच्यासाठी शहराबाहेर, इझार नदीच्या उंच काठावर तळघरे खोदली गेली. हिवाळ्यात तळ्यांतून कापून आणलेला बर्फ त्यांत रचला गेला. वर चेस्टनटची झाडे लावली, कारण त्यांची पाने रुंद आणि सावली दाट, पण मुळे उथळ. तळघराच्या कमानीला धक्का नाही. उन्हाळ्यात लोक गार बिअरच्या ओढीने तिथेच येऊन बसू लागले. त्यावर शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली, आणि १८१२ साली राजा मॅक्सिमिलियन जोसेफने तोडगा काढला: ब्रुअरांनी उन्हाळ्यात तळघरावर बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. म्युनिकच्या बिअरबागेत आजही घरचा डबा उघडून बसता येते ते याच तडजोडीच्या पुण्याईने. सारांश, ज्या झाडाखाली बसून पर्यटक बव्हेरियन उन्हाळ्याचे कौतुक करतो ते झाड कौतुकासाठी लावलेले नव्हते. ते साठवणीच्या कोठाराचे छप्पर होते.

इथे नावाकडे नीट पाहिले पाहिजे. मेर्त्सन हे नाव बनवण्याच्या महिन्याचे आहे, पिण्याच्या नव्हे. ती प्यायची उन्हाळाभर आणि संपवायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, नव्या हंगामासाठी पिंपे रिकामी हवीत म्हणून. इंग्लंडमधली ‘ऑक्टोबर बिअर’ही अशीच: नवी बार्ली आणि नवे हॉप हाती आल्यावर, थंडी सुरू होताना बनवलेली, आणि महिनोन्महिने मुरल्यावरच चांगली मानली जाणारी. याच जातीची कडक, फिकट बिअर लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीने ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हिंदुस्थानात पाठवली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिन्यांनी ती मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांत उतरे तेव्हा जहाजाच्या पोटातल्या उबेने आणि हेलकाव्यांनी चांगली मुरलेली असे. पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणून जगभर गाजलेल्या प्रकाराचे मूळ असे एका थंड देशातल्या थंड महिन्यात आहे. मुंबईच्या उकाड्यात ती फक्त उघडली गेली. बेल्जियमच्या शेतांवर हिवाळ्यात काम थंडावल्यावर बनवलेली आणि उन्हाळ्यात शेतमजुरांना दिली जाणारी सेझाँ हे तिसरे उदाहरण. या तिन्हींत ऋतू बनवणाऱ्याचा आहे. पिणारा ज्या ऋतूत बसला आहे तो वेगळाच, बहुधा उलटा. आज मात्र दुकानात ‘समर एल’ किंवा ‘विंटर एल’ दिसते तेव्हा तो ऋतू पिणाऱ्याचा असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हंगामी बिअरच्या इतिहासातली खरी उलथापालथ हीच: ऋतू भट्टीवरून उठून टेबलावर गेला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बव्हेरियाची उन्हाळी बंदी निसर्गाने घातलेली नव्हती, दरबाराने घातलेली होती, आणि दरबाराचा हेतू निर्मळ नव्हता. आक्षेप पोकळ नाही. गव्हाची वाइसबिअर उन्हाळ्यातही बनवता येत असे, आणि तिचा मक्ता १६०२ पासून थेट राजघराण्याकडे होता. तोवर हा हक्क असलेल्या डेगेनबर्ग घराण्याचा वारस संपताच ड्यूक मॅक्सिमिलियन पहिला याने तो ताब्यात घेतला आणि पुढच्या युद्धाच्या दशकांत या फेसाळ पेयाने तिजोरीला मोठा हात दिला. प्रजेच्या बार्लीला उन्हाळाभर कुलूप आणि ड्यूकच्या गव्हाला मोकळे रान, हे पाहून कुणाच्याही भुवया वर जातील. तरीही या अपवादातच नियमाचे शास्त्र दडले आहे. वाइसबिअरचे यीस्ट वेगळ्या स्वभावाचे. ते वर तरंगते, पंधरा-वीस अंशांतही नीट काम करते आणि त्याची बिअर आठवड्यांत पिऊन संपवायची असते. ड्यूकने निसर्गाची फट हेरून आपल्या फायद्यासाठी वापरली असे म्हणता येईल, ती त्याने निर्माण केली असे म्हणता येणार नाही. शिवाय बंदी उठली तेव्हा ऊन काही उठले नाही. कायदा गेल्यावरही यंत्राचा गारवा येईपर्यंत म्युनिकचा ब्रुअर बर्फाच्या ढिगाकडे पाहूनच उन्हाळ्याचा हिशेब करत राहिला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो मी पुरता परतवू शकत नाही. पिणाऱ्याचा ऋतू ही आधुनिक कल्पना कशी म्हणावी, जेव्हा ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासासाठी म्युनिकच्या पाउलानर मठातले संन्यासी खास कडक बिअर बनवत होते? द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही असा चर्चचा दंडक. तेव्हा पाव नाही तर पातळ पाव. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजात रुजली त्याला यात नवल वाटायचे कारण नाही. ‘साल्वाटोर’ या नावाने ती बिअर प्रसिद्ध झाली आणि मार्चमधला कडक बिअरचा उत्सव आजही म्युनिकमध्ये होतो. ही बिअर निःसंशय पिण्याच्या दिवसांसाठी बनत होती. मात्र पंचांग शेजारी ठेवून पाहावे. ईस्टर कितीही उशिरा आला तरी २५ एप्रिलच्या पुढे जात नाही, आणि भट्टी विझायची तारीख २३ एप्रिल. म्हणजे उपवासाचा सगळा काळ जवळजवळ तंतोतंत बिअर बनवण्याच्या हंगामातच बसतो. सणाचे पंचांग आणि थंडीचे पंचांग इथे हातात हात घालून चालले. हाच उपवास ऑगस्टमध्ये येता तर संन्याशांना तळघरातल्या साठ्यावरच भागवावे लागले असते.

ही दोन्ही पंचांगे तोडणारा माणूस ब्रुअर नव्हता, प्राध्यापक होता. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या कार्ल लिंडेने १८७०च्या सुमारास उष्णता काढून घेण्याच्या यंत्रांवर लिहिले, आणि तो लेख ज्यांनी मन लावून वाचला त्यांत बिअरवाले पुढे होते. श्पाटन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायरने प्रयोगासाठी आपली जागा दिली. हा झेडलमायर मुळातच चौकस. तरुणपणी, १८३३ साली, व्हिएन्नाच्या आंटोन ड्रेहरबरोबर इंग्लंडच्या ब्रुअऱ्या पाहायला गेला असताना दोघांनी पोकळ काठीतून आंबत्या रसाचे नमुने चोरून आणले होते. लिंडेचे पहिले यंत्र मिथाइल ईथरवर चाले, पुढचे अमोनियावर, आणि १८७९ साली त्याने यंत्रे विकणारी कंपनीच काढली. (रुडोल्फ डिझेल हा त्याचा विद्यार्थी, आजच्या जगाचे चाक आणि आजच्या जगाचे फ्रीज एकाच वर्गातून निघाले.) काळाची एक गंमत पाहण्यासारखी आहे. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट उत्सवात मेर्त्सन १८७२ साली पहिल्यांदा विकली गेली असे मानतात, तीही नेहमीची बिअर संपल्यामुळे. म्हणजे मेर्त्सन उत्सवाची मानकरी झाली ती नेमकी तिची गरज संपण्याच्या उंबरठ्यावर. बेगमीचे पदार्थ असेच असतात. रोजच्या निकडीतून सुटले की सणाच्या ताटात जाऊन बसतात.

यंत्राचा गारवा आल्यावर शंभरेक वर्षे बाराही महिने तीच ती फिकट लागर, म्हणजे तळाशी बसणाऱ्या यीस्टची बिअर, सगळीकडे मिळू लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ साली नाताळसाठी वेगळी बिअर काढली आणि दरवर्षी तिची पाककृती बदलत ठेवली, तिथून अमेरिकन क्राफ्ट ब्रुअरांनी ऋतू परत आणला. पण कोणता ऋतू? त्यांच्या टाक्या गार करायला यंत्रे होती, थंडीची वाट पाहायची गरज नव्हती. म्हणून तो ऋतू सणांचा, रंगांचा, मसाल्यांचा झाला. आणि बाजाराच्या ओढीने इतका सैल झाला की भोपळ्याची शरदातली बिअर ऑगस्टच्या उन्हातच फळीवर येऊ लागली. तर मग हे सगळे नाटक आहे असे म्हणून मोकळे व्हावे का? मला ते अन्यायाचे वाटते. सिएरा नेवाडाने १९९६ साली ताज्या, न वाळवलेल्या हॉपची बिअर काढली. तोडलेल्या हॉपमध्ये बहुतांश पाणीच असते, दिवसभरात वापरली नाहीत तर फुले खराब होतात. त्यामुळे शेतातून ट्रक निघाला की भट्टी पेटलेली हवी. हा ऋतू पिणाऱ्याच्या हौसेचा नसून पिकाचाच आहे. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत हापूसच्या दिवसांत आंब्याची बिअर निघते तिचेही तसेच. बाहेर पस्तीस अंश असताना आत टाकी गार ठेवणाऱ्या विजेच्या बिलावर ती उभी असली, तरी आंबा मे महिन्याचाच असतो.

आणि एका ठिकाणी लिंडेचे यंत्र आजही कुचकामी आहे. ब्रसेल्सभोवतालची लाम्बिक बिअर बनवताना उकळलेला रस माळ्यावरच्या उथळ, उघड्या तांब्याच्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि त्यात यीस्ट कुणी घालत नाही. बाहेरच्या हवेतून, लाकडी तुळयांवरून जे येईल तेच. रात्र पुरेशी थंड असेल तरच योग्य तेवढेच जीव त्यात उतरतात, उबदार रात्री नको ते शिरतात. म्हणून तिचा हंगाम अजूनही ऑक्टोबर ते एप्रिल, जवळजवळ आल्ब्रेख्टच्या तारखांइतकाच, फक्त कुणी ड्यूक मागे उभा नाही. ब्रसेल्समधल्या जुन्या कांतियाँ ब्रुअरीत मात्र अलीकडे या तारखा आत सरकू लागल्या आहेत. थंड रात्री उशिरा सुरू होतात, लवकर संपतात, आणि २०१५च्या नोव्हेंबरात हवा इतकी उबदार राहिली की भरलेले हौद ओतून द्यावे लागले.