विषयपती आणि विषयासक्त

सरकारी पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ हा शब्द लिहिल्यावाचून आपणा नोकरदारांचा दिवस जात नाही. तोच शब्द कीर्तनकाराच्या मुखी आला, की त्याचा अर्थ कामवासना असा होतो. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे लाभले?

‘विषय’ म्हणजे मुळात प्रदेश. पाणिनीने तो या अर्थी नोंदविला आहे. गुप्तांच्या राज्यात जिल्ह्याला ‘विषय’ व त्याच्या अधिकाऱ्यास ‘विषयपती’ म्हणत. आज बांगलादेशात असलेल्या दामोदरपूर येथे ताम्रपट सापडले. त्यांतील इ. स. ४४३-४४ च्या ताम्रपटात ‘कोटिवर्ष’ नामक विषयाच्या कारभारात नगरश्रेष्ठी, सार्थवाह यांच्या जोडीला ‘प्रथमकायस्थ’, म्हणजे मुख्य लेखकही, बसलेला दिसतो. आम्हां कारकुनांचा तो पूर्वजच म्हणावयाचा!

आमच्या भिलाईलगतच्या महानदीच्या खोऱ्यात पाचव्या-सहाव्या शतकांत नांदलेल्या शरभपुरीय राजांच्या ताम्रपटांत तर प्रादेशिक विभागाला ‘भोग’ असे नाव आढळते. ज्याचे उत्पन्न भोगावयाचे तो भोग. म्हणजे वासनेचे हे दोन्ही शब्द एके काळी मुलकी दप्तरातले होते.

प्रदेशाकडून वासनेकडे जाण्याची वाट कठोपनिषदात सापडते. इंद्रिये हे घोडे आणि विषय ही त्यांची संचारभूमी, असे रूपक तेथे आहे. रूप हा डोळ्याचा प्रांत, शब्द हा कानाचा. यात निंदेचा लवलेशही नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही विषय आणि काम हे भिन्नच आहेत: विषयांच्या चिंतनातून आसक्ती व आसक्तीतून काम उपजतो. पुढे वैराग्यपर उपदेशात मधल्या पायऱ्या गळाल्या आणि विषय हाच काम ठरला. दोष घोड्याचा व सारथ्याचा. बदनाम झाले ते कुरण!

हिंदीत ‘विषयी’ म्हणजे विलासी, कामी मनुष्य. मराठीलाही तो अर्थ ठाऊक आहे. पण ‘आईविषयी’, ‘देशाविषयी’ असे आपण निःशंकपणे म्हणतो. ज्या शब्दाने कामातुराला हिणवावे, त्याच शब्दाने जिव्हाळाही सांगावा, ही आपल्या भाषेची उदारता परमुलखात राहणाऱ्यांनी तरी विसरू नये. शब्द निर्मळच होता. त्याच्या सीमा ओलांडल्या त्या माणसाने.