राणीसावरगांवचा शेतकरी आणि नवें बियाणें

शेतकरी जुन्यास चिकटून बसतो, असा बोल त्याजवर वारंवार येतो. तो कितपत खरा, हें गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांवच्या मुलुखाकडे दृष्टि ठेवून आम्ही येथें पाहूं. बालाघाटाच्या या अंगास कोठें काळी जमीन, कोठें बरड माळ. पाण्याचा भरंवसा बहुतेकांस पावसाचाच.

इ. स. १९६४ सालीं ‘सी. एस. एच. १’ हें संकरित ज्वारीचें पहिलें वाण भारतांत प्रसृत झालें. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनीं (१९६३-७५) संकरित बियाण्याचा हिरिरीनें पुरस्कार केला. १९७२ सालीं, म्हणजे दुष्काळाच्याच वर्षीं, परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. मराठवाड्याच्या शेतकऱ्यानें खरिपांत हायब्रीड ज्वारी पेरली. रब्बींत मात्र मालदांडी सोडली नाहीं. एकाच मनुष्यानें नवी वस्तु एका हंगामांत घ्यावी व दुसऱ्यांत नाकारावी, यास हट्ट कसें म्हणावें?

त्याचा हिशेब निराळा होता. हायब्रीडचें ताट ठेंगणें. दाणा अधिक, पण कडबा थोडा, आणि कडब्यावांचून बैल उन्हाळा कसा काढणार? कणीस पावसांत सांपडलें कीं दाणा काळा पडे व बाजारांत भाव उतरे. शिवाय बी दरसाल विकत घ्यावें लागे. मालदांडीचें बी घरच्या कणगींतलें, भाकरी गोड, कडबा भरपूर. नुसत्या जमिनीच्या ओलीवर ती तग धरी. तिची ‘एम. ३५-१’ ही निवडहि मोहोळच्या केंद्रांत झालेली, म्हणजे एके काळीं नवीच होती.

उलट, २००२ सालीं बी. टी. कापसास मान्यता मिळतांच थोड्याच वर्षांत तोच शेतकरी तिकडे वळला. बोंडअळीवरील फवारणीचा खर्च त्यानें सोसलेला होता. पुढें २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांत त्याच कापसाची मोठी नासाडी केली. तो तोटा बियाणें सुचविणाऱ्याच्या नव्हे, पेरणाऱ्याच्या माथीं आला.

यावरून आम्हांस वाटतें कीं, लहान शेतकरी नव्याचा वैरी नाहीं. तो आधीं शेजाऱ्याचें शेत बांधावरून पाहतो, मग एका पट्टींत पेरून पाहतो. कारण बुडालेला हंगाम भरून काढावयास दुसरें शेत त्याजपाशीं नसतें. परभणीच्या विद्यापीठानें पुढें ‘परभणी मोती’ हें रब्बीचें वाण दिलें, त्यांत टपोऱ्या दाण्याबरोबर कडबाहि मिळतो. जो कोणी त्यास नवें सांगूं जाईल, त्यानें प्रथम त्याचा गोठा, त्याची कणगी आणि त्याच्या कर्जाची वही पाहावी.